ताकदीची गोळी

लोकांच्या रक्ताबद्दल मला आदर आहे. लोकांबद्दल नाही.

सव्वीस वर्षं मी लॅबमध्ये रक्त काढते. माणूस खुर्चीत बसतो, बाही वर करतो आणि पहिलंच वाक्य खोटं बोलतो. "उपाशीपोटी आलात ना?" "हो." आणि मिशीला बिस्किटाचा चुरा. "कोणती औषधं चालू आहेत?" "काही नाही." आणि मागे उभी असलेली बायको पिशवी उघडते तर आत अर्धं औषधाचं दुकान. रक्त बिचारं खोटं बोलत नाही, पण त्याला जेवढं विचाराल तेवढंच ते सांगतं, हे या लोकांच्या डोक्यात शिरत नाही. "सगळ्या टेस्ट करून टाका," म्हणतात, घराला रंग काढायला सांगावं तसं.

त्यामुळे सकाळी कोट चढवला की आधी पर्समधली पेपरमिंटची डबी काढायची, त्यातली एक तोंडात टाकायची, वर घोटभर पाणी प्यायचं आणि मग लोकांना आत घ्यायचं, असा माझा शिरस्ता आहे. आमची रिसेप्शनिस्ट म्हणते, पेपरमिंट पाण्याबरोबर गिळणारी बाई तिने पहिलीच पाहिली. तिला म्हटलं, तू फोन उचल.

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला मी मनातल्या मनात लेबलशेठ म्हणते. तोंडावर भावोजी. त्यांचा लेबलं छापायचा कारखाना आहे. बाटल्यांची, बरण्यांची, खोक्यांची, मागच्या बाजूला गोंद असलेली लेबलं. माणसाने धंदा करावा, पण तो घरी आणू नये. यांच्या घरात साखरेच्या डब्यावर 'साखर' आहे हे एकवेळ समजू शकतं. पण पंख्याच्या बटणावर 'पंखा', त्याच्या शेजारच्या बटणावर 'पंखा नव्हे', आणि फ्रिजच्या दारावर आतून 'दार लावा'. त्यांच्याकडे मुक्कामाला राहिले तर सकाळी माझ्या कपाळावर 'मेव्हणी : उलटी ठेवू नये' असं चिकटवलेलं सापडेल, अशी मला कायम धास्ती असते.

औषधांचंही तेच. दुकानातून आणलेल्या गोळ्या पट्टीतून काढायच्या, एकसारख्या छोट्या बाटल्यांत भरायच्या आणि वर स्वतः छापलेलं लेबल डकवायचं. 'डोकं'. 'पोट'. 'खोकला : मोठ्यांचा'. पट्ट्या कचऱ्यात. मी एकदा म्हटलं, "भावोजी, औषधाचं नाव तरी ठेवा त्यावर." तर म्हणाले, "ताई, नाव घेऊन काय करायचंय? काम कळलं म्हणजे झालं." असं म्हणून त्यांनी बाटल्यांची तोंडं एका रेषेत लावली. या माणसाला रेषा सरळ दिसली की जग सरळ झाल्यासारखं वाटतं.

दोन वर्षांपूर्वी धाकटी अंथरुणातून उठेनाशी झाली. आजार दिसत नव्हता. ताप नाही, खोकला नाही. केस विंचरायचे सोडले, बोलायचं सोडलं, आणि एक दिवस मी गेले तर स्वयंपाकघरात ओट्याला टेकून जमिनीवर बसलेली, नळ चालू, भांडं भरून वाहतंय आणि ही त्याच्याकडे बघतेय. लेबलशेठ म्हणाले, "अशक्तपणा आहे." मी तिला बाजूला घेतलं. एका मानसोपचार डॉक्टरांचं नाव दिलं. म्हटलं, "माझ्या एका मैत्रिणीला त्यांचा चांगला गुण आलाय. गुपचूप जा, पण जा."

ती गेली. दोन-तीन महिन्यांत माणसांत आली. मग एकदा जेवताना लेबलशेठांनी जाहीर केलं, "ते डॉक्टर-बिक्टर सगळं बंद केलं. ठणठणीत आहे आता. फक्त एक ताकदीची गोळी चालू ठेवलीय." त्यांच्या आई शेजारीच बसल्या होत्या, त्यामुळे हे जरा मोठ्याने सांगितलं. धाकटी ताटात बोट फिरवत राहिली. मला संशय आला होता. मी विचारलं नाही. का नाही विचारलं, ते पुढे येईलच.

तर या वर्षी, गेल्या महिन्यात, धाकटी कारखान्याच्या पायरीवरून घसरली आणि कंबरेला मार लागला. हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं, मोडलेलं काही नाही, गोळ्या दिल्या, असं लेबलशेठांनी फोनवर सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी खुर्चीतल्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधत होते, तेवढ्यात पुन्हा त्यांचा फोन.

"ताई, घरी येऊन हिचं रक्त न्या. सगळ्या टेस्ट करून टाका."

"काय होतंय तिला?"

"अस्वस्थ आहे. घाम येतोय. रात्रीपासून चार वेळा पोट बिघडलं. रिपोर्ट आले की बघू ना."

रिपोर्ट आले की बघू. हे वाक्य मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय की ते कुणी बोललं की माझी मान आपोआप दुखायला लागते. पण बहीण ती बहीण. पेटी उचलली आणि गेले.

धाकटी पलंगावर होती, म्हणजे पलंगावर टिकत नव्हती. उठायची, बसायची, उशी फेकायची, पुन्हा घ्यायची. झगा घामाने अंगाला चिकटलेला. दात वाजत होते, पण थंडी नव्हती, कपाळ तापलेलं. खिडकीतून भरपूर उजेड येत होता आणि तरी तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या अंधारात असाव्यात तशा मोठ्या झाल्या होत्या. मला पाहून म्हणाली, "ताई, माझ्या अंगातून कुणीतरी पळतंय."

आता मी काय करावं? मी, जी सव्वीस वर्षं लोकांना नावं ठेवते? मी पट्टा बांधला. शीर शोधली. तिचा हात इतका थरथरत होता की लेबलशेठांना तो धरून ठेवायला लागला, आणि मी एक, दोन, तीन, चार नळ्या भरल्या. घाम, थरथर, पातळ परसाकडे, म्हणजे थायरॉइड असणार, नाहीतर साथीचा ताप. चिठ्ठ्या लिहिल्या. पेटी मिटली. ज्या मूर्खपणाबद्दल मी जगाला हसते तोच मी व्यवस्थित हातमोजे घालून केला, आणि दारापर्यंत पोचलेही.

दारातून मागे वळले ते तिच्या पायामुळे. पांघरूण सरकलं होतं म्हणून मी ते नीट करायला पाऊल धरून जरा वर दाबलं, आणि पाऊल माझ्या हातात आपटायला लागलं. ठक ठक ठक ठक, शिलाई मशीन चालवावं तसं. मी धरलं तरी थांबेना. धाकटी म्हणाली, "मी नाही करत, ताई." दुसरं दाबलं. तेही तसंच.

हे काय असतं ते मला ठाऊक नव्हतं. पण हे नळीत मावणारं प्रकरण नाही, एवढं कळलं.

"उठा भावोजी. हॉस्पिटलमध्ये चला."

"संध्याकाळपर्यंत रिपोर्ट येतील ना? मग..."

"रिपोर्ट माझे आहेत. ते कधी येणार ते मी ठरवते. गाडी काढा."

त्यांनी गाडी काढली, पण निघताना दोन गोष्टी केल्याच. हाडांच्या डॉक्टरांना फोन करून 'दुखणं फारच वाढलंय, हॉस्पिटलमध्ये नेतोय' असं सांगितलं. आणि औषधांच्या सगळ्या बाटल्या पिशवीत घातल्या, उभ्या, तोंडं एका रेषेत. त्यांच्या आईही गाडीत बसल्या. कुणी या म्हटलं नव्हतं.

त्या हॉस्पिटलचे नमुने आमच्याच लॅबमध्ये येतात. त्यामुळे तातडीच्या विभागातल्या सिस्टरपासून फरशी पुसणाऱ्या मावशीपर्यंत सगळे मला ओळखतात. "या रक्तवाल्या ताई," असं माझं स्वागत झालं, आणि मग धाकटीला पाहून हसू बंद झालं.

ड्युटीवरची डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची असती, मला मुलगी असती तर. तिने पहिल्या दोन मिनिटांत जे केलं ते मी लेबलशेठांना बघायला लावलं. गुडघ्यावर हातोडी मारली, पाय उडाला. पावलं वर दाबली, ठक ठक सुरू. बॅटरीने डोळे पाहिले, पोटावर कान लावावा तसा स्टेथोस्कोप लावला, काखेत हात घातला तर तो ओला होऊन बाहेर आला. ताप एकशे दोन. नाडी मोजायला घड्याळ अपुरं. मग ती सरळ उभी राहिली आणि तिने तोच प्रश्न विचारला जो मी रोज विचारते.

"कोणती औषधं चालू आहेत?"

लेबलशेठांनी पिशवीतून बाटल्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या. 'कंबर'. 'खोकला : मोठ्यांचा'. 'ताकदीची गोळी : रोज सकाळी एक'.

डॉक्टरने पहिली उचलली. "हे काय आहे?"

"कंबरेची गोळी."

"कंबरेची म्हणजे कुठली?"

"कंबर दुखते, त्याची."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

नशीब की हाडांच्या डॉक्टरांचा कागद कारखान्यातल्या टेबलाच्या खणात होता. तिथल्या कामगाराला फोन करून त्याचा फोटो मागवला. ट्रॅमाडॉल. दिवसातून दोनदा लिहिलेली, आणि परवापासून लेबलशेठांनी स्वतःच्या अधिकारात तीनदा केलेली. खोकल्याच्या औषधाचं नाव कुणालाच आठवेना. ते कोरड्या खोकल्याचं, जुनं, कपाटातलं. रात्री ढास लागते म्हणून तेही चमचा चमचा चालू होतं.

"आणि ही ताकदीची?"

"ती काही नाही. व्हिटॅमिन."

"नाव?"

"नाव मी कुठे वाचतो? दुकानदाराला बाटलीतली गोळी दाखवतो, तो तसलीच नवीन देतो."

"डॉक्टरांचा कागद?"

"ताकदीच्या गोळीचा कसला कागद?" असं म्हणून लेबलशेठ हसले. बायको शेजारी तापाने फणफणतेय, पाय आपटतेय, आणि हा माणूस आईच्या देखत हसला. मी आयुष्यात पुष्कळ लोकांचा तिरस्कार केला आहे, पण इतका पूर्णपणे, काही शिल्लक न ठेवता, कुणाचा केला नव्हता.

डॉक्टरने त्यांना सोपं करून सांगितलं. शरीरात सेरोटोनिन नावाचं एक रसायन असतं. मनाच्या आजाराच्या काही गोळ्या ते वाढवतात, आणि ते ठीकच असतं, त्यासाठीच त्या देतात. पण ही कंबरेची गोळीही ते वाढवते. कोरड्या खोकल्याची काही औषधंही वाढवतात. एकावर एक चढली की ते ऊतू जातं. मग असाच घाम, असाच ताप, अशीच तडफड, आणि पाय असे. काही तासांत सुरू होतं आणि वेळेत थांबवलं नाही तर फिट येते, जीवही जातो.

"यांना मनाच्या आजाराची कुठली गोळी चालू आहे का?"

"छे," लेबलशेठ म्हणाले. "आमच्याकडे असलं काही नाही." आणि मग त्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. "तुम्ही त्या सेरोटोनिनची टेस्टच करून टाका ना! ताई लॅबमध्येच आहेत."

"त्याच्या टेस्टने काही कळत नाही," डॉक्टर म्हणाली. आवाज चढवला नाही, याचं मला कौतुक वाटलं. "रक्त मी पाठवतेय, पण ते मूत्रपिंडं आणि स्नायू किती सोसताहेत ते बघायला, आणि दुसरं काही नाही ना ते बघायला. हा आजार ओळखायचा तो अंगावरच्या खुणांवरून आणि तुमच्या उत्तरावरून. तुम्ही 'व्हिटॅमिन' म्हणालात तर मला डोक्यातला संसर्ग धरून चालावं लागेल, पाठीच्या मणक्यातून पाणी काढावं लागेल. त्यात वेळ जाणार."

त्याच वेळी सिस्टर भरलेली सिरिंज घेऊन आल्या. हाडांच्या डॉक्टरांचा फोन आला होता, दुखण्याने तळमळतेय तर ट्रॅमाडॉलचं इंजेक्शन द्या म्हणून. डॉक्टर म्हणाली, "थांबा. तिथेच थांबा." सिस्टर पलंगाच्या पायथ्याशी सिरिंज वर धरून उभ्या राहिल्या.

मी 'ताकदीची गोळी'चं झाकण काढलं आणि एक गोळी तळहातावर घेतली.

पांढरी, लांबट, मधोमध रेघ. रेघेच्या दोन बाजूंना एक-एक पुसट अक्षर, त्यातलं उजवीकडचं नेहमी जरा खाली उतरलेलं. कुठल्याही उजेडात मी ती ओळखली असती. डोळे मिटून, नुसती जिभेवर ठेवून ओळखली असती.

"ही सर्ट्रालीन वाटते, मनाच्या आजारावरची," मी म्हटलं.

"वाटते?" डॉक्टर माझ्याकडे वळली. "पांढऱ्या गोळ्या शेकड्याने असतात, ताई. तुम्ही कशावरून म्हणता?"

"पाहिली आहे. लॅबमध्ये."

"लॅबमध्ये गोळ्या कुठे येतात?"

लेबलशेठ मदतीला धावले. "अहो डॉक्टर, ताई रक्त काढतात. गोळ्यांचं त्यांना काय कळतं?"

किती वेळ गेला असेल? घड्याळाने विचाराल तर काहीच नाही. पण त्या वेळात माझ्या डोक्यात काय आलं ते सांगते, म्हणजे मी इतरांना हसते तेव्हा तुम्हीही मला हसू शकाल. माझ्या मनात बहीण आली नाही. सिस्टर आल्या. त्या हे मावशींना सांगतील, मावशी नमुने न्यायला येणाऱ्या माणसाला, तो आमच्या रिसेप्शनिस्टला, आणि ती उद्या सकाळी माझ्या पाण्याच्या ग्लासाकडे बघून काहीच बोलणार नाही. हे सगळं मी, बहिणीचं पाऊल पलंगाच्या दांड्यावर आपटत असताना, सावकाश पाहून घेतलं.

मग पर्स उघडली. पेपरमिंटची डबी काढली, झाकण उघडलं आणि तिच्यातली एक तळहातावर पहिलीच्या शेजारी ठेवली.

पांढरी, लांबट, मधोमध रेघ. उजवं अक्षर खाली.

"मी घेते," म्हटलं. "तीन वर्षं झाली. सर्ट्रालीन, पन्नास. हिला त्याच डॉक्टरांकडे मी पाठवलं होतं. ती हीच आहे."

डॉक्टरने दोन्ही गोळ्या उजेडात धरल्या, उलट्या केल्या, आणि लेबलशेठांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. तेवढंच त्यांचं उत्तर. सिस्टरच्या हातातली सिरिंज ट्रेमध्ये गेली.

नंतरची धावपळ मला नीट आठवत नाही. सगळी औषधं बंद. सलाइन, अंग शिथिल करायचं इंजेक्शन, ओल्या चादरी, पंखा, आणि कुठलीशी जुनी, ॲलर्जीवरची गोळी विरघळवून नाकातल्या नळीतून. आम्हाला बाहेर बाकावर बसवलं.

लेबलशेठ हळूच म्हणाले, "ताई... तुम्हीपण?" त्यांच्या नजरेत एक विशिष्ट तुच्छता होती, वरून खाली बघणारी. मला ती लगेच ओळखू आली. इतकी वर्षं मीच ती त्यांच्याकडे बघायला वापरत होते.

उत्तर मी देणार होते, पण त्यांच्या आई आधी बोलल्या.

"वेड्याची गोळी होती होय ती?"

"आई, तू शांत बस."

"शांत कशी बसू? लेबल वाचून मीपण घेतल्या की चार दिवस. म्हटलं सून एवढी टवटवीत झाली, आपल्यालाही येऊ दे थोडी ताकद. ताकद कसली, नुसतं पोट बिघडलं." आणि मग मुलाकडे वळून, "एवढं छापतोस दिवसभर, एक खरं छापायला काय झालं होतं रे?"

लेबलशेठ रडायला लागले. मी त्यांना रुमाल दिला नाही. माझ्याकडे होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटीचा ताप उतरला होता. पाय अजून उडत होता, पण थकल्यासारखा. आदल्या सकाळी मी भरलेल्या चार नळ्यांचे रिपोर्टही आले होते. थायरॉइड उत्तम. साखर उत्तम. तो कागद मी पर्समध्ये चार घड्या घालून ठेवला.

ती माझ्याकडे बघत होती. डोळ्यांतल्या बाहुल्या पुन्हा नेहमीएवढ्या झाल्या होत्या, त्यामुळे ते बघणं जास्त लागलं.

"ती मैत्रीण तू होतीस," ती म्हणाली.

"हो."

"जिला गुण आला होता."

"हो."

"मी दोन वर्षं समजत होते, आपल्या घरात मी एकटीच अशी निघाले. आई नाही, तू नाही, मीच. रोज सकाळी गोळी घेताना तुझी आठवण यायची, ताई. म्हणायचे, ती बघ कशी खंबीर आहे."

मी सलाइनचे थेंब मोजले.

"तू त्यांना लेबलशेठ म्हणतेस ना मागून? मला माहितेय." तिचा आवाज बसलेला होता, पण अडखळला नाही. "त्यांनी माझी गोळी लोकांपासून लपवली. तू तुझी माझ्यापासून लपवलीस."

माझ्यापाशी जगातल्या प्रत्येकासाठी एक टोमणा तयार असतो. स्वतःसाठी शोधला, सापडला नाही. मी तिचं पाऊल पांघरुणात नीट घातलं. दाबलं मात्र नाही.

तीन आठवड्यांनी मानसोपचार डॉक्टरांनी तिची गोळी कमी मात्रेत पुन्हा सुरू केली. लेबलशेठांनी नवीन लेबल छापलं. मी ते पाहिलं आणि परत पाठवलं, कारण त्यावर 'सरट्रालिन' होतं. दुसऱ्यांदा बरोबर आलं. पट्टीतून गोळी काढायची नाही, पट्टीच बाटलीत ठेवायची, हे धाकटीने ठरवलं. लेबलावर नाव, मात्रा, आणि खाली तिने स्वतः सांगितलेली ओळ: 'मनाच्या आजाराची गोळी. दुसरं कुठलंही औषध घेण्याआधी डॉक्टरांना हे दाखवा.'

मी निघताना ती म्हणाली, "पर्स उघड."

दुसरं लेबल तयार होतं. त्याच अक्षरांत, माझ्या मात्रेसह. तिने माझी पेपरमिंटची डबी काढून घेतली आणि झाकणावर ते डकवलं. हात अजून जरासा कापत होता, त्यामुळे लेबल तिरकं बसलं. मागे उभ्या असलेल्या लेबलशेठांना ते बघवेना, पण त्यांनी हात खिशात घातले.

लॅबमध्ये पोचले तेव्हा ते नखाने खरवडून काढायचा विचार होता. खरवडून पाहिलंही. त्या माणसाचा गोंद मात्र चांगला आहे, हे मान्य करावं लागेल.

मी कोट चढवला, एक गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले. रिसेप्शनिस्ट डबीवरचं लेबल वाचत होती, फोन वाजत राहिला. मी पहिल्या माणसाला आत घेतलं. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, बायको सोबत. बाही वर केली.

"कोणती औषधं चालू आहेत?"

"काही नाही."

मी डबी टेबलावर ठेवली, लेबल त्याच्याकडे करून.

"ही माझी," म्हटलं. "आता तुम्ही सांगा."

त्याने वाचलं. ओठ हलवत, खालच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं. मग मागे वळला आणि बायकोला जरा बाहेर थांबायला सांगितलं.